‘आपोआप भरून येणारं’ इन्सुलेशन: व्हेंडर म्हणतो ते कितपत खरं?

प्रश्न असा आलाय. रायगडकडच्या एका एमआयडीसीत प्लँटचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघणारे एक जण विचारतायत की त्यांची ११ केव्हीची केबल दोन पावसाळ्यांत तीनदा उडाली, तिन्ही वेळा जॉइंटपाशी, आणि आता एक व्हेंडर ‘सेल्फ-हीलिंग पॉलिमर’चा टेप आणि ओतायचं कंपाऊंड घेऊन आलाय, भाव नेहमीच्या किटच्या तिप्पट, आणि म्हणतो की आत पंक्चर झालं तरी मटेरियल आपोआप भरून येतं. असं खरंच काही असतं का, आणि असेल तर घ्यावं का?

असतं. पण तुमच्यासमोर ठेवलेला टेप म्हणजे ते नव्हे, आणि तुमचे जॉइंट बहुतेक ज्या कारणाने उडतायत त्यावर त्याचा उपयोगही नाही. मी गेली २२ वर्षं केबल टेस्टिंग आणि जॉइंटिंग करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी टेपचं उरकतो. ईपीआर रबरचा किंवा सिलिकॉनचा जो टेप असतो त्याला सेल्फ अमाल्गमेटिंग म्हणतात, आमचे जॉइंटर नुसतं सेल्फ बाँडिंग म्हणतात. त्याला गोंद नसतो, मधली फिल्म सोलायची, ताणून अर्धा-अर्धा ओव्हरलॅप देत गुंडाळायचा, आणि थर एकमेकांत मुरतात, दुसऱ्या दिवशी ब्लेडने आडवा कापून बघा, थर वेगळे ओळखूच येत नाहीत, एकसंध रबर. मस्त वस्तू आहे, मी रोज वापरतो. पण तो स्वतःला चिकटतो, एवढंच त्याचं कर्तृत्व. खाली केबलच्या इन्सुलेशनमध्ये काय चाललंय याचा त्याला पत्ताही नसतो. दोन्हीकडे ‘सेल्फ’ आहे म्हणून विकणाऱ्याने एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घातलीय.

आता मूळ गोष्ट. इन्सुलेशन स्वतः बरं होतं ही कल्पना आमच्या धंद्यात अजिबात नवी नाही. आयईसी ६००७१ हे इन्सुलेशन को-ऑर्डिनेशनचं स्टँडर्ड उघडलंत तर त्यात इन्सुलेशनचे सरळ दोन वर्ग केलेत, सेल्फ-रिस्टोरिंग आणि नॉन-सेल्फ-रिस्टोरिंग. हवा पहिल्या वर्गात. वीज पडून लाईनच्या डिस्क इन्सुलेटरवरून फ्लॅशओव्हर झाला, ब्रेकर ट्रिप झाला, ऑटोरिक्लोजने परत चालू झाला आणि लाईन जशीच्या तशी, कारण जळलेली हवा निघून गेली आणि ताजी आली. ट्रान्सफॉर्मर तेलाचंही बरंचसं तसंच. बीडीव्ही, म्हणजे ब्रेकडाऊन व्होल्टेजची टेस्ट करताना बघितलं असेल, अडीच मिमीचा गॅप, व्होल्टेज चढवत न्यायचं, ठिणगी पडली की रीडिंग, मग दोन मिनिटं थांबायचं आणि त्याच तेलात परत, अशी सहा रीडिंग. एकाच तेलात सहा वेळा ब्रेकडाऊन करून आपण त्याला सर्टिफिकेट देतो, आहे ना गंमत! कारण तेल वाहतं, जखमेत नवीन तेल येऊन बसतं. थोडा कार्बन मागे राहतो तो वेगळा.

घन इन्सुलेशनला ही सोय नाही. एक्सएलपीई (केबलमधलं क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिन), इपॉक्सी, पीव्हीसी, काहीही घ्या, एकदा आरपार भोक पडलं की पडलं. तिथे वाहून येणारं काही नाही आणि भोकाच्या भिंतीवर कार्बन बसलेला असतो, म्हणजे पुढच्या वेळी करंटला रस्ता आयताच तयार. सेल्फ-हीलिंग पॉलिमरवर जे संशोधन चाललंय ते सगळं या एका अडचणीभोवती फिरतं: न वाहणाऱ्या वस्तूला गरज पडेल तेवढंच आणि तिथेच वाहतं कसं करायचं.

आणि तरीही एक घन इन्सुलेशन स्वतःला बरं करतं, तेही तुमच्या डोक्यावर. सीलिंग फॅनचा कपॅसिटर, तो अडीच मायक्रोफॅरडचा पांढरा किंवा काळा डबा. त्यात काही मायक्रॉन जाडीची पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते आणि तिच्यावर झिंक-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, इतका पातळ की नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो. फिल्ममध्ये कुठे कच्ची जागा असली तर तिथे पंक्चर होतं, करंट त्या एका टिंबातून घुसतो, आणि काही मायक्रोसेकंदांत भोकाभोवतीचा मुलामा वाफ होऊन उडून जातो. भोक तसंच राहतं, पण त्याच्या कडेला आता धातूच उरत नाही, म्हणजे शॉर्ट व्हायला समोर कोणी नाही. मटेरियल भरून येत नाही, जखमेभोवतीची वस्ती उठवली जाते, असं समजा. एकदा जुना कपॅसिटर, आधी नीट डिस्चार्ज करून, कापून त्याची गुंडाळी उलगडून ट्यूबलाईटसमोर धरा, चंदेरी फिल्मवर बारीक-बारीक पारदर्शक ठिपके दिसतील आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेकदा वाचलेला जीव. पण प्रत्येक वेळी जरासं क्षेत्रफळ जातं, कडेने मुलामा गंजतो तो वेगळा, आणि अडीचचा दोन, दीड होतो, मग घरात ओरड सुरू होते की पंखा हल्ली फिरतच नाही.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत कारण पुढे त्याच कामाला येणार. एक, बरं होण्याची किंमत मोजावी लागते, फुकट काही नाही. दुसरी जरा केमिस्ट्रीची: पॉलिप्रॉपिलीन इथे चालतं कारण त्यात कार्बनच्या मानाने हायड्रोजन भरपूर, जळलं की बहुतेक गॅस होऊन निघून जातं, काजळी कमी. बेंझीनच्या कड्या असलेली प्लास्टिकं घेतली तर काजळी जास्त राहते आणि हीलिंग बिघडतं. म्हणजे शेवटी सगळं काजळीवर येऊन थांबतं.

दुसरं रोजचं उदाहरण सिलिकॉन रबरच्या इन्सुलेटरचं, ते राखाडी किंवा तपकिरी छत्र्या असलेले, हल्ली रेल्वेच्या ओएचईवरही (डोक्यावरच्या विजेच्या तारांवर) दिसतात. त्यावर पाणी पसरत नाही, अळवाच्या पानासारखे थेंब बनून राहतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे सोनं आहे. बारीक स्पार्किंगने पृष्ठभागाचा हा गुण जातो, मग थोडे तास, कधी थोडे दिवस विश्रांती मिळाली की आतले हलके सिलिकॉनचे रेणू पृष्ठभागावर झिरपतात आणि थेंब परत बनायला लागतात. एवढंच काय, वर बसलेल्या धुळीच्या थरातही ते झिरपतात आणि धूळसुद्धा पाणी झटकायला लागते. हा गुण मोजायला डब्ल्यूसी १ ते ७ असे क्लास आहेत, फवारा मारून डोळ्याने बघायचं. पण आतला फायबरग्लासचा रॉड एकदा उघडा पडला की त्याला कोणी बरं करत नाही. पृष्ठभाग बरा होतो, हाड नाही.

आता येऊ तुमच्या केबलकडे, इथे जरा रेंगाळावं लागेल.

११ केव्हीच्या केबलमध्ये, अर्थ्ड सिस्टिमसाठी, आयएस ७०९८ प्रमाणे इन्सुलेशन ३.६ मिमी. फेज ते अर्थ ६.३५ केव्ही, म्हणजे सरासरी फील्ड, आमच्या भाषेत स्ट्रेस, मिमीला पावणेदोन केव्ही, कंडक्टरजवळ दोनच्या आसपास. एक्सएलपीईची परमिटिव्हिटी (जिची जास्त तिच्यात फील्ड कमी) २.३, हवेची १, म्हणून आत चपटी पोकळी राहिली तर तिच्यात फील्ड २.३ पट, म्हणजे साडेचार केव्ही प्रति मिमी. पुस्तकात हवेचा ब्रेकडाऊन ३ केव्ही प्रति मिमी लिहिलेला असतो म्हणून पोरं म्हणतात की सर, मग डिस्चार्ज होणारच. थांबा. तो आकडा मोठ्या गॅपचा आहे. पाशेनच्या नियमाने बारीक गॅपमध्ये हवा जास्त ताकदवान होते, ०.१ मिमीच्या पोकळीला ब्रेकडाऊन व्हायला साधारण एक केव्ही लागतो, आणि आपल्याकडे तिथे तेवढा येत नाही. म्हणजे ११ केव्हीमध्ये केसाएवढी पोकळी बहुतेक वेळा गप्प बसून असते. मिमीएवढी झाली की मग बोलायला लागते. २२० केव्हीच्या केबलमध्ये स्ट्रेस कितीतरी जास्त, तिथे बारीकही चालत नाही.

मग ११ केव्हीमध्ये मिमीएवढी पोकळी कुठे सापडते? फॅक्टरीतून आलेल्या केबलमध्ये जवळजवळ नाहीच. जॉइंटमध्ये. सेमीकॉन, म्हणजे इन्सुलेशनवरचा काळा अर्धवाहक थर, काढताना ब्लेड खोल गेलं आणि इन्सुलेशनवर गोल चर पडली, सेमीकॉनची कड वेडीवाकडी राहिली, त्या पायरीशी फील्ड पसरवणारा स्ट्रेस कंट्रोलचा मॅस्टिक (चिकट लगदा) नीट भरला नाही, वर ट्यूब गरम करून बसवली आणि आत हवा राहिली. नेमकं त्याच कडेवर फील्ड एकवटलेलं असतं. तिथे पार्शियल डिस्चार्ज (पीडी), म्हणजे पोकळीतल्या पोकळीत बारीक ठिणग्या, सुरू होतो, दर सायकलला टकटक, सेकंदाला ५० सायकल, दिवसाला किती ते तुम्हीच करा गुणाकार. त्यातून ट्री फुटतं. झाडाच्या फांद्यांसारखे पोकळ मार्ग, काही मायक्रॉनपासून काही दहा मायक्रॉन रुंद, एकाला दोन दोनाला चार फुटत पलीकडे पोचतात आणि मग धाड.

वॉटर ट्री वेगळं. त्याला डिस्चार्ज लागत नाही, पाणी आणि एसी फील्ड पुरतं, आणि वर्षानुवर्षं हळू वाढतं. ते बघायचं असेल तर केबलच्या इन्सुलेशनचे अर्धा मिमी जाडीचे वेफर कापून मेथिलीन ब्लूच्या गरम पाण्यात ठेवतात, रंग नेमका खराब झालेल्या जागी शिरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठलो नव्हतो, दुधी काचेसारख्या तुकड्यात सेमीकॉनच्या कडेपासून आत निळी झुडपं उगवलेली, आणि मध्येच कुठे फुलपाखराच्या पंखासारखी दोन बाजूंना पसरलेली एक बो-टाय. ही केबल १५ वर्षं लोडवर होती आणि मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) कायम छान दाखवायचा.

आता संशोधनवाले काय म्हणतात. सुरुवात इलेक्ट्रिकलमध्ये झालीच नाही. २००१ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या स्कॉट व्हाईट, नॅन्सी सॉटोस आणि मंडळींनी इपॉक्सीमध्ये बारीक कॅप्सूल मिसळल्या, आत डायसायक्लोपेंटाडाईन नावाचा द्रव, आणि इपॉक्सीत पेरलेला ग्रब्स कॅटॅलिस्ट. तडा गेला की तडा कॅप्सूल फोडतो, द्रव तड्यात ओढला जातो, कॅटॅलिस्टला भेटला की कडक होतो. टफनेस ७५ टक्क्यांपर्यंत परत आला. कमाल काम आहे, पण दोन गोष्टी बघा: तो आकडा मेकॅनिकल आहे, आणि तो कॅटॅलिस्ट रुथेनियम या धातूचा. गोंदाला ७५ टक्के म्हणजे खूप झालं. इन्सुलेशनला ७५ टक्के भागाशी देणंघेणं नसतं, उरलेल्या एका फांदीतून जरी रस्ता राहिला तरी करंट तोच शोधून काढतो. व्हेंडरच्या कॅटलॉगमध्ये हीलिंगचा टक्का लिहिलेला असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, टक्का कशाचा? ओढून तोडून परत जोडलेल्या पट्टीचा की ब्रेकडाऊन व्होल्टेजचा?

मी एकदा बसून हिशोब केला होता, तो देतो. १०० मायक्रॉनच्या एका कॅप्सूलमध्ये द्रव साधारण अर्धा नॅनोलिटर. ट्रीची एक फांदी, १० मायक्रॉन रुंद आणि एक मिमी लांब, तिचं पोट इतकं लहान की एकच कॅप्सूल तशा सहा फांद्या भरू शकते. म्हणजे ट्रीच्या मापाला ही आयडिया फिट्ट बसते. पण तुमच्या जॉइंटमधली एक घन मिमीची पोकळी भरायला तशा १९०० कॅप्सूल तिथेच, त्याच वेळी फुटाव्या लागतील. आणि केबल खरंच उडते तेव्हा? तेव्हा हजारो अँपिअर फॉल्ट करंट जातो, रिले-ब्रेकरने सोडवेपर्यंत अ‍ॅल्युमिनियम वितळून बोट जाईल एवढं भोक पडलेलं असतं, आर्मरची पट्टी फाटून बाहेर आलेली असते. तिथे कसली कॅप्सूल आणि कसलं काय. म्हणून ‘पंक्चर झालं तरी भरून येतं’ हे वाक्य जो म्हणतो त्याने उडालेली केबल खड्ड्यात उतरून बघितलेली नाही, असं बिनधास्त समजा. जे काही बरं व्हायचं ते पंक्चरच्या आधी, ट्री कोवळं असताना, आणि शक्यतो फांदीच्या भिंती काळ्या पडायच्या आत.

इलेक्ट्रिकलवाल्यांमध्ये मला सगळ्यात डोकेबाज वाटलं ते चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठाच्या गटाचं काम. २०१९ च्या सुमारास त्यांनी थर्मोप्लास्टिकमध्ये लोहाच्या ऑक्साईडचे नॅनोकण मिसळले, अगदी कमी, आकारमानाने ०.१ टक्क्याहूनही कमी. ट्री झालं की बाहेरून उलटसुलट बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं, कण तापतात, जखमेकडे सरकून गोळा होतात, आणि तिथलंच प्लास्टिक वितळून फांद्या मिटतात. बाकीचा तुकडा थंडच. नंतर त्यांनीच आणखी एक केलं, ट्री वाढताना त्यातून अंधुक प्रकाश निघतो, त्यात अतिनील भागही असतो, तर त्या प्रकाशानेच घट्ट होणारा द्रव कॅप्सूलमध्ये भरला. चोराने लावलेल्या बॅटरीच्या उजेडातच चोर पकडायचा. हे वाचून मी खरंच खुर्चीतून उठून एक फेरी मारली.

पण साईटवरचा माणूस म्हणून लगेच शंका येतात. चुंबकीय क्षेत्राचं कॉईल प्रयोगशाळेतल्या चकतीभोवती लावता येतं. तुमच्याकडे ए-टू-एक्स-एफ-वाय जातीची केबल, थ्री कोर, वर कॉपर टेपचं स्क्रीन, त्यावर लोखंडी पट्टीचं आर्मर, आणि ती जमिनीखाली तीन किलोमीटर. कॉईल लावलं तर आधी आर्मर तापेल, मग स्क्रीन, मग कंडक्टर, बिचाऱ्या नॅनोकणांची पाळी शेवटी. टर्मिनेशनला किंवा पॅनेलमधल्या एखाद्या कास्ट भागाला हे कधीतरी जमेल, सलग केबलला मला तरी अवघड दिसतं. शिवाय एक्सएलपीई म्हणजे क्रॉसलिंक केलेलं, ते वितळून वाहतच नाही, म्हणून तर ते ९० डिग्रीला सतत आणि शॉर्टसर्किटला क्षणभर २५० पर्यंत टिकतं. जो गुण आपण पैसे मोजून विकत घेतला तोच बरं होण्याच्या आड येतो.

कॅप्सूलची अडचण वेगळी. हाय व्होल्टेज केबल बनवणाऱ्या फॅक्टरीत गेलात तर एक्स्ट्रूडरच्या वरची कंपाऊंडची खोली ऑपरेशन थिएटरसारखी ठेवलेली असते, कारण अति उच्च दाबाच्या केबलला शंभर मायक्रॉनचा कचराही खपत नाही. आणि आपण म्हणतोय शंभर मायक्रॉनच्या द्रवाने भरलेल्या पिशव्या मुद्दाम मिसळा, तेही लाखोंनी! पुढे ती केबल दाबाखालच्या गरम नळीतून जाते, तिथे डायक्युमिल पेरॉक्साईड फुटून क्रॉसलिंकिंग होतं, मग दिवसेंदिवस गरम खोलीत ठेवून मिथेन वगैरे बाहेर काढतात. या सगळ्यातून न फुटता, न गळता कॅप्सूल यायला पाहिजे आणि नंतर नेमक्या क्षणी फुटायला पाहिजे, कदाचित २५ वर्षांनी. आतला द्रव तोवर ताजा राहिला पाहिजे. घरातली फेव्हिक्विकची ट्यूब एकदा उघडली की दुसऱ्यांदा कधी धड निघालीय का सांगा.

म्हणून माझं मत असं की हे तंत्र एक्स्ट्रूड केलेल्या केबलमध्ये सगळ्यात शेवटी येईल आणि ओतीव इपॉक्सीत आधी: ड्राय टाईप ट्रान्सफॉर्मर, सीटी-पीटी (मोजणीचे ट्रान्सफॉर्मर), जीआयएस म्हणजे गॅस भरलेल्या स्विचगिअरमधले स्पेसर. तिथे ओतताना तापमान कमी, दाब कमी, भाग लहान आणि महाग, आणि तडे जायचं कारण बहुतेक वेळा गरम-थंड होण्याचं मेकॅनिकल, म्हणजे व्हाईट-सॉटोसच्या मूळ प्रयोगाच्या जवळचं.

कॅप्सूलशिवायचाही एक रस्ता आहे, रेणूंचे बंधच असे घ्यायचे की सुटून परत जुळतील. २००२ मध्ये फ्यूरान-मॅलेइमाईडचं, गरम केलं की सुटणारं आणि थंड झालं की जुळणारं पॉलिमर आलं, २०११ मध्ये पॅरिसच्या लुडविक लाईब्लर यांच्या गटाने व्हिट्रिमर आणले, म्हणजे जाळं तुटत नाही पण गाठी जागा बदलतात, काचेसारखं गरम करून आकार देता येतो. इन्सुलेशनवाले त्यावर तुटून पडले. फायदा नक्की आहे, जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात गेल्यावर कॉईलमधलं तांबं इपॉक्सीतून सोडवणं सोपं होईल. पण जे गरम झाल्यावर हलू शकतं तेच बरं होऊ शकतं, आणि क्लास एफच्या कॉईलचा हॉटस्पॉट १५५ डिग्रीपर्यंत जाऊ शकतो, तिथे शॉर्टसर्किटच्या झटक्याला वाईंडिंग जागेवरून हलली तर कोणाला चालेल? शिवाय सहज जुळणाऱ्या बंधांना बहुतेकदा पोलर गट लागतात, ते ओल धरतात आणि टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप, वाढवतात. एक्सएलपीईची सगळी मिजासच मुळी टॅन डेल्टा कमी असण्यावर.

हे सगळं प्रयोगशाळेतलं झालं. केबलमध्ये प्रत्यक्ष बरं करायचं जे काम १९८० च्या दशकापासून अमेरिकेत चालतंय त्याला कोणी सेल्फ-हीलिंग म्हणत नाही, कारण ते बाहेरून करतात. तिकडे १९७० च्या दशकात वस्त्यांमधून जमिनीखाली टाकलेल्या केबल्स वॉटर ट्रीने सडायला लागल्या, तर कंडक्टरच्या तारांमधल्या फटींमधून एका टोकाने सिलेनचा पातळ द्रव दाबाने सोडतात. तो कंडक्टरमधून इन्सुलेशनमध्ये मुरतो, ट्रीमधलं पाणी खाऊन टाकतो, आणि पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन त्याचेच रेणू मोठे होतात म्हणून परत बाहेर पडत नाहीत. जखमेतली ओल हेच औषधाचं ट्रिगर. पण वॉटर ट्रीवरच. आणि कंडक्टरच्या फटी जर वॉटर-ब्लॉकिंग पावडरने भरलेल्या असतील तर द्रव पुढे जातच नाही.

६०० व्होल्टच्या जमिनीखालच्या केबलमध्ये इन्सुलेशनच्या थरांमध्ये चिकट सीलंट भरायचीही पद्धत तिकडे आहे, कुदळ लागून कापलं तर सीलंट फटीत येऊन पाणी अडवतं, पंक्चरप्रूफ टायरसारखं. लो व्होल्टेजला हे चालतं कारण तिथे भांडण पाण्याशी आहे, फील्डशी नाही. तुमचा व्हेंडर कंपाऊंड म्हणून जे ओतायला सांगतोय ते बहुधा याच जातीचं जेल असणार. एलटी, म्हणजे लो व्होल्टेज, जॉइंटला चांगलं आहे, घ्या हवं तर. ११ केव्हीमध्ये स्ट्रेस कंट्रोलच्या जागी ते ओतू नका.

आता तुमच्या तीन फॉल्टचं. तिन्ही पावसाळ्यात, तिन्ही जॉइंटपाशी, हे ऐकूनच माझी नजर आधी पाण्यावर आणि मग हातावर जाते. एक गोष्ट फार जण विसरतात: पहिला फॉल्ट भर पावसात झाला तेव्हा ते उघडं टोक पाण्याच्या खड्ड्यात किती तास पडून होतं? पाणी तारांच्या फटींमधून कित्येक मीटर आत जातं. जॉइंटर येतो, जळालेला भाग कापतो, वर कोरडं दिसतं म्हणून जॉइंट मारतो, सप्लाय चालू, सगळे खूश, आणि आत पाणी कोंडलेलं. पुढच्या पावसाळ्यात तोच जॉइंट किंवा शेजारचा. पेपर केबलच्या काळात म्हातारे जॉइंटर कागदाची पट्टी गरम तेलात बुडवून बघायचे, चरचर फेस आला की अजून कापा. एक्सएलपीई आल्यावर ती सवय गेली, ओल काही गेली नाही. तारा उकलून पुसा, टिश्यू लावून बघा, ओल दिसली तर मीटर-मीटर मागे कापत चला, गरज पडली तर दोन जॉइंट करून मधे नवीन तुकडा टाका. मॅनेजर कटकट करेल, करू दे. मीसुद्धा एका ठिकाणी मॅनेजरचं ऐकून एकच जॉइंट मारला होता, गणपतीत परत बोलावणं आलं.

जॉइंट करताना स्वतः उभे राहा आणि सेमीकॉन कसा काढतात तेवढं बघा. चाकू की टूल, चर पडली तर पॉलिश करतात की वरून मॅस्टिक फासून झाकतात, आणि स्क्रीन सोलल्यावर इन्सुलेशन स्वच्छ करताना पुसायची दिशा. कंडक्टरकडून सेमीकॉनकडे पुसायचं, उलटं केलं की सेमीकॉनचा काळा रंग इन्सुलेशनवर येतो, तोही एक रस्ताच. तिप्पट भावाच्या टेपऐवजी तो पैसा चांगल्या जॉइंटरला आणि टेस्टिंगला द्या. टेस्ट म्हणजे जुन्या केबलला डीसी हायपॉट (डीसीचा जादा व्होल्टेज देऊन केलेली टेस्ट) नको, एक्सएलपीईमध्ये चार्ज साठून राहतो आणि टेस्टच केबल खराब करते. व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीचा, ०.१ हर्ट्झवाला, आणि जमलं तर त्याच्याबरोबर टॅन डेल्टा आणि पीडी. टॅन डेल्टा सांगेल की केबलच ओली आहे का, पीडी सांगेल की जॉइंटमध्ये टकटक चालू आहे का. नुसत्या मेगरवर विश्वास ठेवायचा असेल तर ती निळ्या झुडपांची केबल आठवा.

आणि यावेळी उडालेला जॉइंट भंगारात टाकला नसेल तर काढून ठेवा, भोकाच्या दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर सोडून कापा, टोकं प्लास्टिकने घट्ट बांधा, फेज आणि सबस्टेशनकडची बाजू कोणती ते मार्करने लिहा, पाण्याने धुऊ नका. ज्या फेजला भोक पडलंय ती जळून गेलेली असते, तिच्यात फार काही सापडत नाही. शेजारच्या दोन न उडालेल्या फेज त्याच हाताने, त्याच दिवशी केलेल्या असतात, त्या सोलून सेमीकॉनच्या कडेला नखाने चर लागते का बघा.